‘फक्त’ या शब्दाखाली

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाईक तीनच प्रश्न विचारतात. व्याजाचा दर किती, कर्ज मिळेल का, आणि ही फाटकी नोट बदलून देशील का. गेली वीस वर्षे मी या तीन प्रश्नांवर उत्तम गुजराण केली आहे. त्यामुळे एका रविवारी सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदम चौथाच प्रश्न विचारला तेव्हा माझा चहा बशीत सांडला.

“तू बी.कॉम. ना रे?”

“हो.”

“आणि बँकेत आहेस.”

“आहे.” (या दोन्ही गोष्टी अण्णांना माहीत होत्या. पहिलीवर त्यांनी फी भरली होती आणि दुसरीवर पेढे वाटले होते.)

“मग सांग, मृत्युपत्रात मागाहून कोणी खाडाखोड करू नये म्हणून काय करायचं?”

मी इकडेतिकडे पाहिले. आमच्या घरात अण्णांच्या मृत्युपत्रात खाडाखोड करण्याइतकी गरज, सवड आणि अक्षरओळख असलेली माणसे तीनच. मी, धाकटा आणि ताई. त्यातला धाकटा पुण्याला, आणि ताई समोर बसून तांदूळ निवडत होती. राहता राहिलो मी. म्हणजे चोराने कसे शिरू नये याचा सल्ला अण्णा सरळ चोरालाच विचारत होते. हा माझ्यावर अविश्वास होता की अतिविश्वास, हे मला आजवर कळलेले नाही.

आता अण्णांची इस्टेट म्हणाल तर पुणे रस्त्याला तोंड करून असलेले चार खोल्यांचे घर, मार्च महिन्यात राजीनामा देणारी एक विहीर, पोस्टातली थोडी बचत आणि एक सायकल. पण अण्णा शाळामास्तर. चौथीच्या पोरांच्या पाट्या तपासून आयुष्य काढलेल्या माणसाला खाडाखोडीचे भय दरोड्याहून जास्त वाटते.

शिवाय आम्ही केडगावचे. कागद भलत्याच्या हाती पडण्याची धास्ती केडगावकराच्या अंगातच असते. कारण केडगावे दोन. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ एक केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, नारायण महाराजांचे बेट आहे, आणि परगावच्या लोकांच्या डोक्यात केडगाव म्हटले की तेच असते. आमचे केडगाव नगरचे; अंबिकामातेच्या देवळाचे आणि नवरात्रातल्या गर्दीचे. (नगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण केडगावच्या माणसाला बाजाराला जायचे असले तर तो अजूनही “नगरात चाललो” असेच म्हणतो.) माझ्या लग्नाच्या वेळी मावशीचे एक यजमान सकाळीच दौंडच्या केडगावात उतरून अक्षता घेऊन उभे राहिले होते. तेव्हा पत्ता नीट लिहिलेला असूनही माणूस चुकतो, हे आम्हांला ठाऊक आहे. मजकूर नीट लिहिलेला असूनही चुकू शकेल, ही अण्णांची शंका त्याच घराण्यातली.

मी म्हणालो, “बघतो.” बँकेत ‘बघतो’ म्हणजे ‘उद्या या’. पण अण्णा उद्या आले, परवाही आले. शेवटी मला खरोखरच बघावे लागले.

मृत्युपत्राचा इतिहास शोधायला केडगावकराने लांब जायला नको. नगरच्या एका अंगाला केडगाव, दुसऱ्या अंगाला भिंगार. या नगरात ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहा वारला. वय अठ्ठ्याऐंशी. निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या किल्ल्यांना वेढे घालण्यात गेलेले. सांगतात की त्याच्या उशीखाली मृत्युपत्र सापडले. तिघा मुलांनी राज्य वाटून घ्यावे, असे त्यात होते. दुसऱ्या एका मजकुरात त्याने पैशांचीही व्यवस्था लावली होती. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनासाठी. कुराणाच्या नकला करून मिळवलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटण्यासाठी. हे वाचून माझ्यातला कारकून गहिवरला. दोन निराळी खाती, दोन निराळे उद्देश, एकातली रक्कम दुसऱ्यात वळवलेली नाही! एवढा स्वच्छ हिशेब ठेवणारा खातेदार आमच्या शाखेत एकही नाही.

पण उशी ही काही तिजोरी नव्हे. बादशहाचे मृत्युपत्र म्हणून सांगितले जाणारे मजकूर एकाहून अधिक आहेत. त्यांतला त्याच्या हातचा कोणता आणि भक्तमंडळींच्या हातचा कोणता, यावर विद्वानांनी डोके खाजवावे. मुलांनी मात्र डोके खाजवत वेळ घालवला नाही. आझमशहाला बापाने नुकतेच माळव्याकडे रवाना केले होते. तो बातमी ऐकून मागे फिरला आणि इथे नगरातच त्याने स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. काबूलकडून मोठा मुअज्जम निघाला. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊ इथे दोघांची गाठ पडली आणि आझम मारला गेला. धाकटा कामबक्ष १७०९ च्या जानेवारीत हैदराबादेजवळ संपला. वाटणी झाली, पण तिन्ही हिस्से एकाच्याच नावावर.

लक्षात घ्या, या मृत्युपत्रात मुलांपैकी कोणी एक अक्षरही खोडले नाही. गरजच पडली नाही. जे वाचायचेच नाही ते खोडायची तसदी कोण घेतो?

हे मी अण्णांना सांगितले. अण्णांनी उशी उचलून खाली पाहिले आणि म्हणाले, “उशीखाली ठेवायचं नाही, एवढं कळलं. पुढं?”

पुढे मी रोमपर्यंत गेलो. (म्हणजे नगरच्या ग्रंथालयातून.) रोमन लोक मृत्युपत्राच्या बाबतीत आपल्या सात पिढ्या पुढे होते. तिथले मोठे लोक आपली मृत्युपत्रे व्हेस्टा देवीच्या पुजारिणींकडे ठेवत. ज्यूलियस सीझरचे तिथेच होते. देवीचा गाभारा, ब्रह्मचारिणी पुजारिणी, यापेक्षा सुरक्षित लॉकर कोणता? पण ख्रिस्तपूर्व ३२ साली ऑक्टेव्हियनला आपला वैरी अँटनी याच्या मृत्युपत्रात काय आहे ते जाणून घ्यायची इच्छा झाली. पुजारिणी देईनात. तेव्हा तो स्वतः गेला, मृत्युपत्र उचलले आणि सिनेटपुढे वाचून दाखवले. क्लिओपात्राच्या मुलांना देणग्या, आपले दफन तिच्याजवळ इजिप्तमध्ये, असा मजकूर निघाला. लोक खवळले आणि अँटनीचे दिवस भरले. अँटनी तेव्हा चांगला जिवंत होता. त्या कागदात खरोखर तेवढे सगळे होते की वाचणाऱ्याने काही पदरचे घातले, अशी शंका पुढच्या काळात काही अभ्यासकांनी घेतली आहे. लॉकर कितीही पक्का असला तरी किल्ली सरकारपाशी असली की काय होते, ते यावरून समजावे.

त्यानंतर नीरो. हा नीरो आपल्याला फिडलामुळे माहीत. (ते वाद्य त्या काळी निघालेच नव्हते, पण माणसाचे नाव एकदा खराब झाले की वाद्येही चिकटतात.) याच्या कारकिर्दीत मृत्युपत्रांच्या बनावटीवर जे उपाय निघाले ते वाचून मी चकित झालो. तेव्हा मेण लावलेल्या लाकडी पाट्यांवर लिहीत. नियम झाला की पाट्यांना भोके पाडायची, त्यांतून दोरा तीनदा ओवायचा आणि मग त्यावर साक्षीदारांच्या मोहोरा उठवायच्या. पहिल्या दोन पाट्या साक्षीदारांना कोऱ्या दाखवायच्या, त्यांवर फक्त करणाऱ्याचे नाव. म्हणजे साक्षीदाराने सही पाहावी, मजकूर पाहू नये. आणि तिसरा नियम असा, की दुसऱ्याचे मृत्युपत्र लिहून देणाऱ्याने त्यात स्वतःच्या नावे काही लिहून घेऊ नये.

हा तिसरा नियम ऐकताच अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिले. कारण मृत्युपत्राचा मसुदा मी लिहून देणार, असे आदल्याच दिवशी ठरले होते.

“मी तुमच्या सांगण्याप्रमाणं लिहीन,” मी म्हणालो.

“नको. मीच लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे.”

रोमचे राहू द्या. आपल्या जुन्या कारकुनांनीही या प्रश्नाचा मुळातून विचार केला होता. मोडी कागद तुम्ही पाहिला असेल. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. हे वेगासाठी असेल, पण फायदा असा की मध्ये एखादा शब्द घुसवायचा तर त्याला उभे राहायला जागा नाही. एस.टी.च्या शेवटच्या गाडीसारखे. आणि मजकूर संपला की खाली शिक्का. शिवाजीमहाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उठवलेले असते, पेशवाईत ‘लेखनसीमा’. याचा अर्थ, मालकाचे बोलणे इथे संपले. याच्या खाली जे काही आढळेल ते दुसऱ्या कोणाचे समजावे.

हे वाचले आणि मला माझा रोजचा शब्द आठवला. चेकवर आपण लिहितो, ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’. हा ‘फक्त’ कशाला? पाचशे म्हणजे पाचशेच, हे काय न्यूनगंडाने सांगायचे? नाही. तो ‘फक्त’ म्हणजे आमच्या खात्याची लेखनसीमा. पाचशेच्या पुढे ‘नव्व्याण्णव’ लिहू पाहणाऱ्या हाताला ‘फक्त’ अडवतो. गेली वीस वर्षे मी लाखो वेळा हा शब्द वाचला. पण तो छत्रपतींच्या मोर्तबाचा दूरचा भाऊबंद आहे, हे मला अण्णांच्या मृत्युपत्राने कळवले.

अण्णांना हे फारच पटले. “म्हणजे शेवटी ‘फक्त’ लिहायचं!” ते म्हणाले. शाळामास्तराला पूर्णविरामाहून मोठे काही चिन्ह सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

यानंतर एक दिवस संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना ताईमहाराज प्रकरण सांगितले. मराठी माणसाने मृत्युपत्राविषयी बोलावे आणि टिळकांचे नाव निघू नये, हे होणे नाही. पुण्याचे बाबामहाराज पंडित हे पहिल्या वर्गाचे सरदार. ७ ऑगस्ट १८९७ रोजी ते कॉलऱ्याने गेले. त्याआधी त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळकांना, दादासाहेब खापर्ड्यांना घातले. टिळक स्वतः राजद्रोहाच्या खटल्यात नुकते जामिनावर सुटलेले. उद्या आपण बाहेर असू की आत, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचे घर! पण मित्राने अंथरुणावरून हात धरला की नाही म्हणता येत नाही.

बाबामहाराजांमागे त्यांची तरुण पत्नी ताईमहाराज. १८९८ साली त्यांना मुलगा झाला, तो काही आठवड्यांतच गेला. मग मृत्युपत्राप्रमाणे विश्वस्तांच्या संमतीने दत्तक. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला. त्यानंतर ताईमहाराजांचे मन फिरले, किंवा फिरवले गेले, आणि कोल्हापूरच्या बाळामहाराजांना त्यांनी दत्तक घेतले. प्रकरण कोर्टात गेले. १९०२ साली विश्वस्तांचे प्रोबेट रद्द झाले आणि खुद्द टिळकांवरच फौजदारी झाली. आरोप पाहा: खोटी साक्ष, बनावट, आणि औरंगाबादच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात मागाहून शब्द घुसडणे! गीतेचे रहस्य पुढे ज्याने उलगडले त्या माणसाला आधी टांग्याच्या भाड्याचे रहस्य उलगडत बसावे लागले. १९०३ साली दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली, आणि १९०४ साली हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. दत्तकाचा दिवाणी दावा वेगळाच. तो १९१० साली हायकोर्टात हरला, टिळक मंडालेला असताना. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथमहाराजांचे दत्तविधान खरे ठरवले. मित्राला दिलेल्या शब्दासाठी अठरा वर्षे.

“म्हणजे कागद टिकला,” मी तात्पर्य काढले, “कारण त्याच्यामागं माणूस उभा होता.”

अण्णा बराच वेळ गप्प होते. आत ताई भाकरी थापत होती. तो आवाज तेवढा येत होता.

“आणि त्या ताईमहाराज?”

“त्या १९०३ सालीच गेल्या. निकाल लागायच्या आत.”

“ते नव्हे. दत्तक कोण हवा, घर कसं चालावं, हे त्यांना कोणी आधी विचारलं होतं का?”

“मृत्युपत्रात विश्वस्तांची संमती हवी असं होतं,” मी म्हणालो. यावर अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना झोप आली.

ताईविषयी इथे सांगायला हवे. ताई आमच्यात थोरली. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली, ती का, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. आई गेल्यावर घर तिनेच सांभाळले. अण्णांनी ठरवलेल्या मजकुरात घर दोघा मुलांना निम्मे निम्मे आणि ‘ताईस दोघांनी प्रेमाने सांभाळावे’ असे वाक्य होते. ‘प्रेमाने’ या शब्दाची अंमलबजावणी कोणत्या कोर्टात होते, हे मी शोधले नाही. मला ते वाक्य चांगले वाटले होते. ज्याच्या वाट्याला निम्मे घर येते त्याला सगळीच वाक्ये चांगली वाटतात.

मग आम्ही कायद्याकडे वळलो. जुन्या काळी मुंबईसारखी शहरे सोडली तर हिंदू माणसाने तोंडी सांगितलेले मृत्युपत्रही चाले. म्हणजे मरणाराने खाटेवर पुटपुटावे आणि जवळ बसलेल्या चौघांनी चार तऱ्हेने ऐकावे. १ जानेवारी १९२७ पासून तो मार्ग बंद झाला. तेव्हापासून लेखी हवे, सही किंवा अंगठा हवा, आणि ती सही करताना पाहिलेले किंवा ‘ही माझीच’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले किमान दोन साक्षीदार हवेत. स्टॅम्प मात्र लागत नाही. साधा कागद चालतो. हे ऐकून अण्णांनी कायद्याला मनापासून आशीर्वाद दिला.

खाडाखोडीचे कलमही सापडले. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे एकाहत्तरावे कलम. सह्या झाल्यानंतर मृत्युपत्रात काही खोडले, ओळींमध्ये घातले किंवा बदलले तर त्या बदलाला किंमत शून्य. पुन्हा तशाच रीतीने करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही त्या जागी घेतली असेल तरच तो खरा. आणि हा उद्योग कपटाने करणाऱ्याला शिक्षा? पार जन्मठेपेपर्यंत. १८६० च्या दंडसंहितेत तशी होती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. हे कलम अण्णांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्या वेळी ताईलाही बोलावले.

नोंदणी सक्तीची नाही. केली तर उत्तम. सर्वांत आवडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातली एक सोय. मृत्युपत्र लिफाफ्यात घालून, मोहोर लावून, वर नाव लिहून जिल्हा निबंधकाकडे ठेवायला द्यायचे. त्याने तारीख आणि तास नोंदून तो लिफाफा अग्निरोधक पेटीत ठेवायचा. पेटी अग्निरोधक हवी, हे खुद्द कायद्यात लिहिले आहे. माणूस गेल्यावर कोणी अर्ज केला की अर्जदारासमोर लिफाफा फोडायचा आणि नक्कल वहीत उतरवायची. व्हेस्टाच्या पुजारिणी आणि नीरोचा दोरा, दोन्ही एका खिडकीत!

पण अण्णांना ती पेटी पसंत पडेना. “मग मला हवं तेव्हा वाचता कसं येईल?” त्यांनी विचारले. आयुष्यात लिहिलेला सर्वांत महत्त्वाचा निबंध, तोही एकही चूक नसलेला, आणि तो पुन्हा वाचायचा नाही हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. तेव्हा तडजोड झाली. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची. नक्कल त्यांच्या दप्तरी, मूळ कागद घरी.

साक्षीदार म्हणून अण्णांनी सकाळच्या फिरण्यातले आपले दोन मित्र सुचवले. एक एक्याऐंशीचे, दुसरे चौऱ्याऐंशीचे. मी भीत भीत सांगितले, की वेळ आली तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभे राहावे लागते. तेव्हा साक्षीदार करणाऱ्याच्या मागे राहील असा निवडावा. अण्णा रागावले, मित्र त्याहून रागावले, आणि शेवटी आमचे डॉक्टर व शेजारचा एक धडधाकट कॉलेजमास्तर यांच्यावर भागले. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही, कोरी जागा दिसेल तिथे आडवी रेघ. शेवटची ओळ अण्णांनी ठसठशीत लिहिली, ‘माझी इच्छा येणेप्रमाणे, फक्त.’ मग कचेरीत अंगठा, फोटो, शिक्के. घरी येताना रिक्षात अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, “आता ब्रह्मदेवसुद्धा बदलू शकणार नाही.”

कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. दीड वर्षाने अण्णा गेले, झोपेत, कोणाला त्रास न देता.

तेराव्यानंतर मी डबा उघडला. धाकटा बाहेर पाहुण्यांना गाडीत बसवत होता, ताई स्वयंपाकघरात. कागद उलगडला. पहिले पान, दुसरे पान, सह्या, ‘फक्त’. आणि ‘फक्त’च्या खाली, पेन्सिलने, किंचित थरथरत्या पण तिरके न होणाऱ्या मास्तरी अक्षरात आणखी एक ओळ.

‘पुढची खोली ताईच्या हयातीपर्यंत ताईची.’

सही नाही, तारीख नाही, साक्षीदार नाहीत. एकाहत्तराव्या कलमाप्रमाणे किंमत शून्य. दप्तरी नक्कल होती, तिच्यात ही ओळ नसणार. मी जी भोके पाडली, जे दोरे ओवले, जी लेखनसीमा आखली, तिने कोणाला अडवले? मला नाही, धाकट्याला नाही, ब्रह्मदेवाला नाही. ते सगळे कडेकोट कुंपण ओलांडता न येणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे अण्णा. रीतसर पुरवणी करायला पुन्हा डॉक्टर, पुन्हा मास्तर, पुन्हा रिक्षा. आणि तेवढ्यासाठी मुलाला सांगावे लागणार, की अरे, माझे मन बदलले. ते त्यांना जमले नसावे. म्हणून पेन्सिल.

आता खरे सांगतो. पुढची खोली रस्त्यावर आहे. तिचा गाळा काढला तर भाडे चांगले येईल, असा हिशेब मी अण्णांच्या आजारपणातच केला होता. मुलगा इंजिनिअरिंगला जायचा होता. ती ओळ माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नव्हती. आणि बँकेच्या कारकुनाच्या खिशात पेन असते, पेन्सिल असते आणि खोडरबरही असते. मी खिशाला हात लावला. शून्य किंमतीची ओळ खोडल्याने शून्यच वजा होते, हे बी.कॉम.ला शिकवतात. जाजऊची लढाई मला त्या वेळी फार लांबची वाटली नाही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. धाकटा आत आला तेव्हा कागद माझ्या हातात आणि रबर माझ्या खिशात होते. मी कागद पुढे केला.

त्याने वाचले. पुन्हा वाचले. मी खालच्या आवाजात एकाहत्तरावे कलम समजावून सांगितले. तो म्हणाला, “ते असू दे. अक्षर अण्णांचंच आहे ना?” मग थोडे थांबून म्हणाला, “पेन्सिल पुसट होईल रे. पेनानं गिरवू का?”

“खबरदार!” मी ओरडलो. “ती खाडाखोड होईल!”

आम्ही दोघेही हसलो, आणि मग हसणे आवरेना, आणि मग ते हसणे राहिले नाही.

ठरले. भावांनी बहिणीला रीतसर लेख करून द्यायचा. वकील गाठले. इथे एक गंमत कळली, की मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, पण भावांच्या शहाणपणाला लागतो. मसुदा तयार झाला: ‘पुढची खोली, दहा फूट बाय बारा फूट, पश्चिमेस पुणे रस्ता’ वगैरे वगैरे. आम्ही तो घेऊन मोठ्या थाटात ताईकडे गेलो. टिळकांनी अठरा वर्षे जे केले ते आपण अठरा दिवसांत केले, असा भाव माझ्या तोंडावर असावा.

ताईने चष्मा लावून मसुदा शांतपणे वाचला.

“पुढची खोली?” ती म्हणाली. “रात्रभर ट्रक जातात तिथून. अण्णांना ऐकू कमी येत होतं, मला येतं. मला कोणी विचारलंत का?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अण्णांनी विचारले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. ओट्यावर ज्या प्रश्नाने अण्णांची झोप उडाली होती, तो त्यांनी पेन्सिलीने सोडवला, आम्ही स्टॅम्पपेपरवर सोडवत होतो, आणि जिला विचारायचे ती दहा पावलांवर भाकरी थापत होती.

“मला मागची द्या,” ताई म्हणाली. “विहिरीकडची. आणि पुढचीचा गाळा काढा, भाड्यानं द्या. भाड्याचे तीन भाग. एक माझा. महिन्याच्या पाच तारखेला, रोख नको, खात्यात. तुझ्या बँकेत नको. तिथं तू आहेस.”

मसुदा बदलला. नवीन लेख नोंदवला गेला, तिघांच्या सह्या, दोन धडधाकट साक्षीदार. मूळ मृत्युपत्र, पेन्सिलीच्या ओळीसकट, त्याच पत्र्याच्या डब्यात आहे. मधूनमधून मी ते काढून पाहतो. ओळ थोडी पुसट झाली आहे, पण वाचता येते.

परवा रविवारी मुलाने मला विचारले, “बाबा, तुम्ही तुमचं मृत्युपत्र केलंत का?” माझा चहा बशीत सांडला. पण या वेळी उत्तर तयार होते. म्हटले, लिहीन, पानांना क्रमांक घालीन, साक्षीदार तरुण बघीन, नोंदणी करीन, शेवटी ‘फक्त’ही लिहीन. त्याआधी मात्र तुम्हां सगळ्यांना एकदा समोर बसवून विचारीन, की बाबांनो, तुम्हांला काय हवे आहे?

मुलगा म्हणाला, “मला अण्णांची सायकल.”

अक्षरी सायकल एक, फक्त.